तापलेला टायर आणि पेरेझचे ६६ गुण

मधल्या फळीतला ड्रायव्हर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पहिल्या तिनात आला, की लगेच ऐकू येतं, ‘पाऊस पडला असणार, नाहीतर पुढच्यांच्या गाड्या बंद पडल्या असणार.’ सॉबर संघाच्या सर्जिओ पेरेझचा २०१२ चा मोसम या समजुतीला मोठा छेद देतो. मलेशियात तो दुसरा आला, तेव्हा पाऊस होता, हे मान्य. पण कॅनडात कोरड्या ट्रॅकवर पंधराव्या जागेवरून सुटून तो तिसरा आला, आणि इटलीतल्या मॉन्झात बाराव्या जागेवरून दुसरा. मॉन्झात जेन्सन बटनची गाडी बंद पडली खरी, तरी रायकोनेन आणि फेरारीचे मासा व अलोन्सो यांना पेरेझने ट्रॅकवरच मागे टाकलं. त्याचं उत्तर टायरमध्ये आहे, आणि टायरबद्दलच आपला सर्वांत मोठा गैरसमज आहे.

आपल्या स्कूटरचा टायर घासून गुळगुळीत होतो, म्हणून शर्यतीचा टायरही घासूनच संपतो असं वाटतं. प्रत्यक्षात पुरेसं रबर शिल्लक असतानाही त्याची पकड जाऊ शकते, आणि बहुतेक वेळा त्यामागे उष्णता असते.

रबर दाबलं की ते पुन्हा मूळ आकारात येतं, पण किंचित उशिरा. या उशिरात, दाबताना दिलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन अडकतो. याला हिस्टेरेसिस म्हणतात. पकडीचा एक वाटा यातूनच येतो: डांबरातल्या बारीक खडीवरून जाताना रबर खाचांत शिरतं, पण तितक्या झटपट बाहेर येत नाही, आणि हा विरोध म्हणजेच पकड. दुसरा वाटा रबर आणि डांबर यांच्या रेणूंमधल्या आकर्षणाचा. दोन्ही वाटे तापमानावर अवलंबून असतात. रबर थंड असेल तर ते ताठ राहतं, खाचांत शिरत नाही. फार तापलं तर इतकं मऊ होतं की ताण पेलण्याआधीच फाटतं. मधला योग्य तापमानाचा पट्टा अरुंद असतो, म्हणून टायर चढवण्याआधीच विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून तापवून ठेवतात.

वळणावर चाकाचं तोंड ज्या दिशेला असतं, त्या दिशेला टायर नेमका जात नाही. दोन्हींमध्ये काही अंशांचा फरक राहतो, त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन नसेल तर वळवणारं बलच तयार होत नाही. पण कोन आहे म्हणजे रबर थोडं आडवं घसरतंय, आणि घसरण म्हणजे उष्णता. सोपे आकडे घेऊ. एका टायरवर ५,००० न्यूटन आडवं बल, वेग ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर, कोन ५ अंश. आडव्या घसरणीचा वेग ५० गुणिले साइन ५, म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ मीटर. त्याला बलाने गुणलं की सुमारे २२ किलोवॅट येतात. एवढी शक्ती वळण संपेपर्यंत एकाच टायरमध्ये उष्णता म्हणून ओतली जाते.

खरी गंमत यापुढे आहे. कोन वाढवत गेलं की बल सुरुवातीला झपाट्याने वाढतं, पण शिखराजवळ आलेख जवळजवळ सपाट होतो. उष्णता मात्र कोनाबरोबर वाढतच राहते. शिखराजवळ ५ ऐवजी ४ अंशांवर गाडी चालवली, तर पकड थोडीशीच घटते, उष्णता मात्र सुमारे २० टक्क्यांनी घटते. या सपाट भागाच्या अलीकडच्या कडेवर फेरीमागून फेरी राहता येणं, हे पेरेझचं कौशल्य. सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या पात्रता फेरीत शिखर गाठावंच लागतं, शर्यतीत ते दर वळणावर गाठणं महागात पडतं.

रबर उष्णतेचं मंद वाहक आहे. वरचा थर एका वळणात तापतो आणि सरळ रस्त्यावर निवतो. आतला भाग मात्र फेरीगणिक तापत जातो. आतला वायू तापला की दाब वाढतो, टायरचा मधला भाग फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा लहान होतो आणि त्या लहान पट्ट्यावर आणखी भार येतो. इथे पेट्रोल पंपावर ऐकू येणाऱ्या ‘नायट्रोजन भरा, टायर थंड राहील’ या दाव्याचा समाचार घ्यायलाच हवा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारख्याच प्रसरण पावतात. शर्यतीत नायट्रोजनचा उपयोग तो कोरडा असतो म्हणून, कारण बाष्पामुळे दाब अंदाजाबाहेर बदलतो. रोजच्या गाडीला त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, दाब वेळच्या वेळी तपासा.

बिघाडही वेगवेगळे. पृष्ठभाग पुरेसा तापलेला नसताना घसरला तर रबराच्या बारीक वळ्या सुटतात, त्याला ग्रेनिंग म्हणतात. थोडं सांभाळून चालवलं तर कधीकधी त्या पुसल्या जातात. आतली उष्णता हाताबाहेर गेली तर रबरात फोड येतात, आणि फोड आलेला टायर पूर्ववत होत नाही.

सांभाळायचं कसं? स्टीअरिंग सरळ व्हायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, कारण मागचा टायर तेव्हा आडवा आणि उभा असा दोन्हीकडून घसरतो. वरचा गिअर थोडा लवकर टाकायचा, म्हणजे चाकावरचा जोर कमी होतो. पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून फेऱ्या काढायच्या नाहीत. तिच्या मागच्या विस्कटलेल्या हवेत आपल्या गाडीला खाली दाबून धरणारा हवेचा जोर घटतो आणि चारही टायर जास्त घसरतात.

आता मॉन्झा. २०१२ च्या नियमानुसार पहिल्या दहा जणांना, ज्या टायरवर शेवटच्या पात्रता फेरीत सर्वोत्तम वेळ दिली, त्याच टायरवर शर्यत सुरू करावी लागे. बाराव्या जागेवरच्या पेरेझला निवड मोकळी होती. त्याने कडक टायर घेतले. इंधन मध्ये भरायला बंदी असल्याने सुरुवातीला गाडी सर्वांत जड असते, म्हणजे टायर सर्वांत जास्त तापण्याची वेळही तीच. ५३ फेऱ्यांपैकी २९ व्या फेरीपर्यंत त्याने ते टायर पुरवले. मग हलक्या झालेल्या गाडीवर नवे मीडियम, म्हणजे त्याहून मऊ टायर चढवले. फेरारीच्या दोघांनी उलट क्रम लावला होता, त्यामुळे शेवटी ते जुन्या कडक टायरवर होते. शर्यत संपली तेव्हा हॅमिल्टन पेरेझच्या पुढे होता, फक्त साडेचार सेकंदांच्या आत.

कॅनडात ७० फेऱ्यांपैकी ४१ व्या फेरीपर्यंत तो सॉफ्ट टायरवर राहिला आणि मग त्याहून मऊ सुपरसॉफ्ट घेतले. अलोन्सोने विसाव्या फेरीच्या आसपासच टायर बदलले होते आणि तेच शेवटपर्यंत रेटायचा प्रयत्न केला. अखेरच्या फेऱ्यांत पकड गेली आणि तो पाचव्या क्रमांकावर घसरला.

सप्टेंबरअखेर मॅक्लारेन संघाने पेरेझला पुढच्या वर्षासाठी घेतल्याची घोषणा झाली, आणि उरलेल्या सहा शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. करार पनवती ठरला, असं तेव्हा म्हणणारे होते. नोंदी पाहिल्या तर कारणं साधी आहेत. जपानमधल्या सुझुकाला हॅमिल्टनला गाठताना गाडी फिरली, भारतातल्या बुद्ध सर्किटवर रिकार्डोला धक्का लागून टायर फाटला, अबू धाबीत टक्कर आणि दंड, ब्राझीलमध्ये पहिल्याच फेरीत गाडी बाहेर. कोरिया आणि अमेरिकेतल्या ऑस्टिनला तो अकरावा आला, गुण मात्र पहिल्या दहांनाच. मोसम त्याने ६६ गुणांवर, दहाव्या क्रमांकावर संपवला. संघांच्या यादीत सॉबर १२६ गुणांसह सहावा राहिला. पाचव्या मर्सिडीजचे गुण १४२ होते, म्हणजे फरक १६ गुणांचा, एका शर्यतीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या १८ गुणांहूनही कमी.