मेरी कॉलियर आणि अ‍ॅन यर्सली

‘पोएम्स ऑन सेव्हरल ऑकेजन्स’ हे अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये कवितासंग्रहांना सर्रास दिले जाणारे नाव होते, आणि मेरी कॉलियर (१७६२) व अ‍ॅन यर्सली (१७८५) या दोघींच्याही संग्रहांचे नाव तेच आहे. दोघीही हातावर पोट असलेल्या आणि घरीच लिहा-वाचायला शिकलेल्या असल्यामुळे ‘कष्टकरी कवयित्री’ म्हणून त्यांचा एकत्र उल्लेख होतो आणि एकीचे चरित्र सहज दुसरीला चिकटते.

कॉलियर आधीच्या पिढीची. ससेक्समधील मिडहर्स्टजवळ जन्मलेली ही अविवाहित स्त्री हॅम्पशरमधील पीटर्सफील्ड येथे लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असे. मळणीच्या कामावरील कवितेमुळे राणी कॅरोलाइनची मर्जी लाभलेल्या स्टीफन डक या मजुराच्या कविता तिला तोंडपाठ होत्या. परंतु त्याने शेतावरच्या बायकांना बडबड्या आणि आळशी ठरवलेले तिला सहन झाले नाही. १७३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वुमन्स लेबर’ या कवितेतून तिने त्याला उत्तर दिले. पहाटेच्या अंधारात मोठ्या घरी जाऊन पोहोचायचे, तलम मलमलीचे ढीग उपसायचे, मालकीणबाई साबण आणि जळण जपून वापरायला बजावणार ते ऐकायचे, मनगटांतून व बोटांतून घामाबरोबर रक्त वाहेपर्यंत घासत राहायचे आणि शेवटी सहा किंवा आठ पेन्स घेऊन परतायचे, असा धुण्याचा दिवस ती तपशिलाने उभा करते. घरी गेल्यावर पुरुषांचे काम संपते, बायकांचे संपत नाही, हा तिचा मुद्दा आजही तितकाच खणखणीत वाटतो.

यर्सली ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनची, दूध विकणारी, मुलाबाळांची आई. कॉलियरला मोठा आश्रयदाता लाभला नाही. यर्सलीला मात्र लेखिका हॅना मोर यांनी पुढे आणले आणि तिच्या पहिल्या संग्रहासाठी हजारांहून अधिक वर्गणीदार मिळवले. जमलेली रक्कम मोर आणि साहित्याच्या आश्रयदात्या एलिझाबेथ माँटेग्यू यांनी विश्वस्त म्हणून आपल्या ताब्यात ठेवली, तेव्हा आपल्याच कमाईवर आपला अधिकार हवा म्हणून यर्सलीने मोर यांच्याशी उघड भांडण केले. तिला कृतघ्न म्हटले गेले, पण माझ्या मते तिची मागणी रास्त होती. पुढे १७८८ मध्ये, गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या ब्रिस्टलमध्ये राहून, तिने त्या व्यापाराविरुद्ध कविता प्रसिद्ध केली. नाटक व कादंबरी लिहिली आणि ब्रिस्टलच्या हॉटवेल्स भागात वाचनालय चालवले. कॉलियर मात्र कवितेला उत्तर देऊन नावाजली गेल्यावरही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत धुणेच धूत राहिली.