कोल्हापूरच्या ऑफिसातले सर्व्हर क्लाउडवर कसे गेले, थोडी पार्श्वभूमी

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आता बरेच अकाउंटवाले सरळ सांगतात, "डेटा क्लाउडवर हाय," म्हणजे ऑफिसाबाहेर, दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर. पण हे इथंवर आलं कसं ते फारसं कोणी सांगत नाही. मी वीसेक वर्षं इथं सर्व्हर जोडायचं काम करतोय, म्हणून लिहितो.

कल्पना जुनीच आहे. 1961 साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात एका भाषणात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी बोलून गेले होते की टेलिफोनसारखं कॉम्प्युटिंगपण एक दिवस सार्वजनिक सेवा होईल, जेवढं वापराल तेवढंच बिल. 1972 ला आयबीएमनं व्हीएम/370 आणलं, म्हणजे एकाच मोठ्या मशीनच्या पोटात अनेक मशीन. मग पीसी स्वस्त झाले, ज्यानं त्यानं आपापला डबा घेतला आणि तो विषय मागं पडला. 1999 मध्ये व्हीएमवेअर या कंपनीनं तीच युक्ती साध्या पीसीवर आणली. पण खरं वळण 2006 चं. मार्चमध्ये ॲमेझॉनची एस3 साठवण आली आणि ऑगस्टमध्ये ईसी2, तासाला 10 सेंट भाड्यानं सर्व्हर.

त्या वर्षी आम्ही इकडं काय करत होतो? लोडशेडिंग होतं, नेट रडत चालायचं, सर्व्हर कॅशियरच्या टेबलाखाली. फाउंड्रीची काळी धूळ फॅनमध्ये बसून एसएमपीएस, म्हणजे आतले वीजपुरवठ्याचे डबे, जळायचे, दर दोन महिन्यांनी ब्लोअर घेऊन जायचो, आणि टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन मालक तो बॅगेत टाकून घरी न्यायचे, रोज नाही, आठवण आली की. सिंगापूरच्या सर्व्हरवर ऑफिस चालवायचा विचारच डोक्यात येत नव्हता.

2015 ला मायक्रोसॉफ्टनं पुण्यात आणि 2016 ला ॲमेझॉननं मुंबईत डेटा सेंटर सुरू केली, त्याच वर्षी मोबाईल डेटा एकदम स्वस्त झाला, आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी आल्यावर नेट नसलं तर व्यवसायच अडायला लागला. तरी मालक ऐकायचे नाहीत. "माझा हिशोब दुसऱ्याच्या मशीनवर कशाला?" हा प्रश्न मला कधीच चुकीचा वाटला नाही.

त्यांची मनं बदलली ती ऑगस्ट 2019 च्या महापुरानं. शाहूपुरीत माझं एक गिऱ्हाईक, तळमजल्यावर ऑफिस. पाणी रात्रीत चढलं, सर्व्हर, यूपीएस, बॅकअपची डिस्क सगळं एकाच कपाटात, सगळंच बुडालं. डिस्क रिकव्हरीला पुण्याला पाठवायची तर शिरोलीजवळ हायवेवर पाणी, कित्येक दिवस रस्ता बंद. शेवटी डेटा अर्धाच परत मिळाला. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. पुढच्या वर्षी लॉकडाऊन, मग जुलै 2021 ला परत पूर, तोवर मालक स्वतःच फोन करायला लागले होते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. "क्लाउडवरची टॅली" म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधलं एक भाड्याचं विंडोज मशीनच असतं, रिमोटनं उघडलेलं, म्हणजे 1972 ची तीच कल्पना. मशीन चालू ठेवणं कंपनीकडं, पण पासवर्ड कोणाला दिला, बॅकअप लावला का, हे आपल्याकडं. 28 फेब्रुवारी 2017 ला तर अमेरिकेत एका कर्मचाऱ्यानं कमांड चुकीची टाकली आणि एस3 काही तास बंद पडून हजारो साइट अडकल्या. इथं तर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीनं फायबर तोडली की ऑफिस बसून.

आमच्या कामाचं म्हणाल तर एएमसी, म्हणजे वर्षाची देखभालीची कंत्राटं, कमी झाल्या, रॅम-डिस्क बदलणारी काही पोरं दुसऱ्या धंद्यात गेली, त्याचं वाईट वाटतं कारण हात चांगले होते. जी शिकली ती आता मशीन चालू-बंद करायची वेळ लावतात, कोणाला किती परवानगी ते बघतात, बिल तपासतात. टेस्टसाठी उघडलेलं मशीन महिनाभर चालूच राहिलं की बिल बघून मालक हादरतो आणि वर 18 टक्के जीएसटी.

शॉप फ्लोअरवर सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचे, प्रोग्रॅम मी अजून लोकल मशीनवरच ठेवायला सांगतो, नेट गेलं म्हणून जॉब थांबायला नको. आणि अकाउंटचा डेटा मुंबईला असला तरी एक कॉपी मालकाच्या घरी, राजारामपुरीत, वरच्या मजल्यावर. दर तीन महिन्यांनी ती कॉपी त्यांच्यासमोर लॅपटॉपवर उघडून दाखवतो, मगच सही घेतो.