पुठ्ठा बदलला की नक्षी बदलते

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला जकार्ड समजावून सांगावं लागत नाही. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. ताण्याचा कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, ते ही भोकं ठरवतात. माळ ओवताना दोन पुठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर चादरीवरच्या मोराची मान मोडते आणि माग थांबवेपर्यंत दर फेऱ्याला तीच मोडकी मान उमटत राहते. आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले, पण रक्ताच्या एका कर्करोगाबद्दल कुणी विचारलं की मी अजूनही पुठ्ठ्यांपासूनच सुरुवात करतो.

तो कर्करोग म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, डॉक्टरांच्या तोंडी 'सीएमएल'. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. इथे त्या लाखाच्याही पुढे जातात. थकवा येतो, प्लीहा सुजून डाव्या बरगडीखाली जड वाटतं. कित्येकांचा आजार तर भलत्याच कारणासाठी केलेल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या तपासणीत सापडतो.

१९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. गुणसूत्र म्हणजे पेशीच्या सूचनांचा पुठ्ठाच म्हणा. त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' हे नाव पडलं. त्याचा तुकडा गळून पडला असावा, असाच तेव्हा समज होता.

तो तुकडा गेला कुठे, हे शोधलं शिकागोच्या जॅनेट राउली यांनी. या बाईंची कारकीर्द संशोधकाच्या नेहमीच्या साच्यात बसत नाही. १९४८ मध्ये डॉक्टर झाल्या, लग्न झालं, चार मुलगे झाले, आणि पुढची अनेक वर्षं त्यांनी आठवड्यातले काही दिवसच काम केलं. मोठी प्रयोगशाळा नाही, हाताखाली माणसं नाहीत. १९७०-७१ मध्ये ऑक्सफर्डला असताना त्या गुणसूत्रं रंगवण्याचं नवं तंत्र शिकल्या. त्यात प्रत्येक गुणसूत्रावर उजळ-मंद पट्टे दिसतात. चादरीच्या काठावरून कारागीर डिझाइन ओळखतो ना, तसं पट्ट्यांवरून गुणसूत्राचा नंबर ओळखता येतो.

शिकागोला परतल्यावर त्या गुणसूत्रांचे फोटो घरी आणायच्या, कात्रीने एकेक कापायच्या आणि जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसायच्या. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, म्हणून मुलं चिडवायची. त्याच टेबलावर लक्षात आलं की २२ नंबरचं गुणसूत्र जेवढं आखूड झालंय, जवळजवळ तेवढंच ९ नंबरचं लांबलंय. तुकडा हरवला नव्हता, अदलाबदल झाली होती. १९७३ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात हे छापून आलं तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांना वाटलं, गुणसूत्रांची ही मोडतोड कर्करोगाचा परिणाम असेल, कारण नव्हे. राउलींनी वाद घालण्यापेक्षा आणखी फोटो कापले. १९७७ मध्ये दुसऱ्या एका ल्युकेमियात १५ आणि १७ नंबरची अदलाबदलही त्यांनी दाखवली.

पुढच्या काळात उलगडलं ते असं: ९ वरचं 'एबीएल' जनुक २२ वरच्या 'बीसीआर'ला जाऊन चिकटतं. एबीएलचं प्रथिन एरवी गरजेपुरतं चालू होतं आणि बंद होतं. या जोडजनुकाचं प्रथिन मात्र बंदच होत नाही, पेशीला सतत 'वाढ, वाढ' सांगत राहतं. मग औषध शोधायचं ते नेमकं या एका प्रथिनाला गप्प करणारं. निकोलस लायडन यांच्या गटाने बनवलेलं आणि ब्रायन ड्रुकर यांनी रुग्णांपर्यंत नेलेलं इमॅटिनिब प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं. ऊर्जा देणारा रेणू त्याच खाचेत बसायचा, त्याला आता जागाच उरत नाही. १९९८ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचं रक्त पूर्ववत झालं. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

राहिला प्रश्न पैशांचा. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास होता, भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांचा आठ-दहा हजार. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी मूळ कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली, त्यामुळे स्वस्त गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला.

ओळखीचे एक कारखानदार गेली काही वर्षं रोज जेवणानंतर ही गोळी घेतात. निदान झालं तेव्हा रिपोर्ट पुढे सरकवून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "कुठले दोन पुठ्ठे?"

नऊ आणि बावीस, मी म्हणालो.