ब्लँकही पळतो तेव्हा: धातूमापनातल्या सरफॅक्टंटची पार्श्वभूमी

बोअरच्या पाण्यातलं अत्यल्प मँगनीज किंवा तांबं मोजायला अणुशोषण यंत्र लागतं. त्याला अ‍ॅसिटिलीनचं सिलिंडर हवं आणि साधारणपणे प्रत्येक मूलद्रव्याला वेगळा दिवा. रंगाची गडदता मोजणाऱ्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर उत्प्रेरक पद्धत टिकून राहिली ती त्यामुळेच. धातूचा आयन खर्ची पडत नाही, रंग विटवणारी अभिक्रिया पुनःपुन्हा घडवतो. मोजायचा तो विटण्याचा वेग. 1930च्या दशकात सिरियम-आर्सेनिक अभिक्रियेवरून आयोडाइड असंच मोजलं गेलं.

ही अभिक्रिया वेगवान करायला सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ, घालतात; त्याच्या रेणूंचा पुंजका म्हणजे मायसेल. मायसेलची कल्पना 1913ची, पण विश्लेषणात तिचा खरा सुळसुळाट झाला 1970नंतर. सीटॅब (धनभारित सरफॅक्टंट) लिटरमागे साधारण 1 मिलिमोलच्या पुढे गेलं, की त्याचे रेणू गोळा होऊन धनभारित मायसेल बनतात. ऋणभारित अभिकारक त्यांच्याभोवती दाटतात आणि वेग वाढतो. एसडीएस या ऋणभारित सरफॅक्टंटला हा टप्पा गाठायला 8 मिलिमोल लागतात.

घोळ होतो तो ‘मायसेलर उत्प्रेरण’ या शब्दाने. इथे उत्प्रेरक कोण, धातू की मायसेल? मायसेल गर्दी जमवतं, अभिक्रियेचा मार्ग बदलतंच असं नाही. त्याला ‘उत्प्रेरक’ म्हणण्यापेक्षा ‘माध्यम’ म्हणणं मला बरं वाटतं. हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. तीच गर्दी ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या धातू नसलेल्या द्रावणातही जमते. नमुना तिप्पट वेगाने विटला आणि ब्लँकही तिप्पट, तर हाती काय लागलं? दोन वेगांतला फरक वाढतो, पण ब्लँकची थरथरही त्याच पटीने वाढते. तरी ‘संवेदनशीलता वाढली’ असं लिहून मोकळं होण्याची सवय जुनीच आहे.

मराठवाड्यात आणखी दोन अडचणी. इथलं पुष्कळ पाणी दुष्फेन. कॅल्शियमपायी साबणाचा फेस मरतो, तसाच एसडीएसचाही साका बसू शकतो. पोटॅशियमशीही त्याचं जमत नाही, म्हणून ऑक्सिडीकारक पोटॅशियम परआयोडेट असेल तर क्युव्हेट (मोजणीची पारदर्शक कुपी) गढूळ होण्याची भीती. गढूळपणा शोषणांकात (द्रावण किती प्रकाश अडवतं त्या आकड्यात) मिसळतो आणि रंग विटलाच नाही असं वाटतं.

सीटॅबचं दुखणं थंडीतलं. सुमारे 25 अंशांखाली ते द्रावणातून स्फटिकरूपात बाहेर पडू लागतं. डिसेंबरच्या सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरं दिसलं, तर ती आधी कोमट पाण्यात धरायची. वरचं नितळ द्रावण तसंच घेतलं तर सरफॅक्टंट कमी पडतो आणि दुपारचं रीडिंग सकाळशी जुळत नाही.