सहा घरं, पाच काडतुसं

वेस्टर्न सिनेमातला काउबॉय कमरेचं रिव्हॉल्व्हर उपसतो आणि सटासट सहा बार काढतो. खऱ्या काउबॉयच्या काळातला जाणकार मात्र सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसं भरायचा. सहावं घर रिकामं ठेवायचं, आणि तेच घोड्याखाली, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या बंदुकीच्या हातोडीखाली, आणून ठेवायचं. हा नियम शंभर वर्षं टिकला. त्यामागे अंधश्रद्धा नव्हती, यंत्रातली एक उणीव होती.

कोल्टचं 1873 सालचं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर सिंगल ॲक्शन होतं. म्हणजे नुसता चाप ओढून काहीच होत नाही. आधी अंगठ्याने घोडा मागे खेचायचा, तेव्हा चक्र एक घर पुढे सरकतं, स्प्रिंग ताणली जाते आणि घोडा खाचेत अडकतो. चापाचं काम फक्त तो मोकळा करण्याचं. त्यामुळे चाप हलका असतो आणि नेम चांगला लागतो. प्रत्येक बाराला घोडा नव्याने खेचावा लागतो हे कोणाला जुनाट वाटेल. नवशिक्यासाठी मला ती सोयच वाटते. दोन बारांच्या मध्ये विचार करायला वेळ मिळतो.

घोटाळा व्हायचा घोडा पूर्ण खाली असताना. त्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असे. बंदूक दगडावर घोड्याच्या बाजूने पडली, की तेवढ्या ठोक्याने बार उडायचा. घोडा किंचित मागे धरून ठेवणारी सुरक्षा-खाच होती, पण ती इवलीशी. जोराच्या आपटीत तुटायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला कोल्टने हे मॉडेल बनवणं थांबवलं. पुढे अमेरिकेत टीव्ही आला आणि काउबॉयच्या मालिकांनी घरोघरी वेड लावलं. बिल रुगर नावाच्या शस्त्ररचनाकाराने ही संधी हेरली. कनेक्टिकटमधल्या त्याच्या कंपनीने 1953 साली ‘सिंगल-सिक्स’ बाजारात आणलं. रूप जुन्या कोल्टचं, पण आत वारंवार मोडणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी तारेच्या वेटोळ्या स्प्रिंगा. आणि काडतूस .45 ऐवजी चिमुकलं .22 (हे आकडे म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचांत).

या चिमुकलेपणाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ‘.22 लाँग रायफल’ नावाच्या या काडतुसाची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 300 मीटर. जुन्या .45 ची गोळी साडेसोळा ग्रॅमची, वेग 260 च्या आसपास. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, काढला तर मोठ्या गोळीचा पाचपटीहून जास्त भरतो. तेवढाच संवेग उलट दिशेने बंदुकीला आणि हाताला मिळतो. बंदुका सारख्याच जड धरल्या तर धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फरक पंचवीसपटीहून जास्त. जवळजवळ किलोभराच्या सिंगल-सिक्समधून बार काढताना मनगटाला धक्का जेमतेम जाणवतो. नवशिक्या बिचकून चाप ओढतानाच हात हलवतो; .22 मुळे ती सवय लागत नाही.

काडतूसही वेगळ्या जातीचं. ठोक्याने पेटणारं रसायन बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ कंगोऱ्यात भरलेलं असतं. घोड्याच्या ठोक्याने सुई कंगोरा चेपते आणि दारू पेटते. एकदा चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही, पण काडतूस स्वस्त पडतं. 1887 पासूनची ही रचना अजून चालते. इंडोनेशियातल्या पालेमबांगमध्ये 2018 च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते याच काडतुसावर. तिचं पिस्तूल अर्थात निराळ्या घडणीचं.

पण लहान म्हणजे खेळणं नव्हे. काडतुसांच्या खोक्यांवर गोळी दीड मैलापर्यंत घातक ठरू शकते असा इशारा छापलेला असतो. आवाज 140 डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांना संरक्षण हवंच. चक्र आणि नळी यांच्यात केसाएवढी फट असते. तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. चष्मा लावायचा आणि बोटं त्या फटीपासून लांब ठेवायची. पेटणाऱ्या रसायनातही शिसं असतं, तेव्हा जेवणाआधी हात साबणाने स्वच्छ धुवायचे.

रिकाम्या घराचा प्रश्न मात्र रुगरच्या सुरुवातीच्या बंदुकांतही तसाच राहिला. अपघात झाले, खटले झाले. 1973 मध्ये कंपनीने उपाय आणला तो एका छोट्या पोलादी पट्टीचा. नव्या रचनेत घोडा सुईला टेकूच शकत नाही. चाप पूर्ण मागे ओढलेला असेल तेव्हाच ही पट्टी वर सरकून दोघांच्या मध्ये येते आणि घोड्याचा ठोका सुईपर्यंत पोचवते. चाप सोडला की पट्टी खाली, आणि स्प्रिंगमधल्या ऊर्जेची वाट बंद. बंदूक आपटली तरी ठोका जातो चौकटीला. सहाव्या घरात निर्धास्त काडतूस भरता येऊ लागलं.

जुन्या बंदुकांत अशी पट्टी कंपनी फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत पाठवते. तरीही कित्येक मालक बंदूक पाठवत नाहीत. संग्राहकांच्या बाजारात हात न लावलेल्या बंदुकीला जास्त भाव मिळतो. त्या मालकांना आजही पाचच काडतुसं भरावी लागतात.