कबुतराच्या दुधावर उभी राहिलेली दगडी इमारत

इंग्लंडमधे वॉरिकशायरला अल्सेस्टर गावाजवळ किनवॉर्टन म्हणून छोटीशी जागा आहे, तिथे 14व्या शतकातला गोल दगडी कबुतरखाना अजून उभा आहे, एकेकाळी ईव्हशॅमच्या मठाचा होता, आता नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेकडे आहे. भिंती जाडजूड, दार बुटकं, आणि आत सगळ्या भिंतीभर खालपासून वरपर्यंत 500 हून जास्त कोनाडे. आणि हे सगळं हौस म्हणून नाही बरं का, पिल्लं खायला!

आता कबुतरच का? तर बहुतेक दाणे खाणारे पक्षी पिल्लांना किडेच भरवतात, मग किड्यांचा सीझन संपला की वीण पण संपली. कबुतराचं तसं नाही. त्याच्या गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीचं अस्तर सुटून प्रोटीन आणि फॅटने भरलेला दह्यासारखा पदार्थ तयार होतो, त्यालाच कबुतराचं दूध म्हणतात, आणि गंमत म्हणजे नर पण ते देतो. यामागचं हार्मोन प्रोलॅक्टिन, म्हणजे आपल्याकडे आईला दूध येण्यामागे असतं तेच. त्यामुळे नुसत्या दाण्यांवर वर्षातला बराच काळ वीण चालू राहते, एका वेळी 2 अंडी, साधारण 18 दिवस उबवणं, आणि आधीची पिल्लं घरट्यात असतानाच पुढची अंडी पडलेली असतात. पिल्लू 4 आठवड्यांत जवळजवळ मोठ्या कबुतराएवढं भरतं, पण अजून उडालेलं नसल्याने मांस एकदम कोवळं, म्हणून नेमकं तेव्हाच उचलायचं.

पण वरच्या कोनाड्यापर्यंत हात कसा पोचणार? इथे खरी डोकॅलिटी आहे. मधोमध एक उभा लाकडी खांब, वर-खाली टोकांवर फिरणारा, त्याला आडव्या दांड्या आणि दांड्यांना शिडी. माणूस शिडीवर चढून भिंतीला जरा रेटा देतो की सगळं फिरतं, एक कोनाडा झाला की पुढचा, खाली उतरायची गरजच नाही. इमारत गोल असली की शिडी भिंतीपासून कायम सारख्याच अंतरावर राहते. किनवॉर्टनला ही फिरती शिडी आजही आहे.

विष्ठा पण वाया नाही जायची, शेतात खत, चामडं कमवायला, नंतर तर बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढायला. फक्त दाण्याचा खर्च मालक करायचाच नाही फारसा, कारण असा कबुतरखाना ठेवायचा हक्क जमीनदार आणि मठवाल्यांचा, आणि कबुतरं चरणार आजूबाजूच्या गरीब शेतकऱ्याच्या पेरणीवर, आणि त्याने ती मारायची पण नाहीत.