अपुरी झोप (प्रौढांमधील)

अपुरी झोप : प्रौढ व्यक्तीला रोज सात तासांपेक्षा कमी झोप मिळण्याची सततची अवस्था. निद्रानाशात अंथरुणावर पडूनही डोळा लागत नाही. येथे पडायला सवडच नसते किंवा लागलेली झोप मोडावी लागते. म्हणून हिच्यावर झोपेची गोळी हा उपाय नव्हे.

ही अवस्था केवळ आधुनिक आहे का, याविषयी मतभेद आहेत. विजेच्या दिव्यांपूर्वी यूरोपात लोक रात्री दोन टप्प्यांत झोपत, असे इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ मध्ये मांडले. टांझानियातील हाड्झा, नामिबियातील सान व बोलिव्हियातील त्सिमाने या वीज नसलेल्या समाजांत मात्र सरासरी ५.७ ते ७.१ तासांची, बहुतांशी सलग झोप मोजली गेली (२०१५). प्रत्यक्ष मोजणीमुळे ही अवस्था केवळ आधुनिक नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि उष्ण प्रदेशांतील नोंदींवरून यूरोपातील लांब हिवाळी रात्रींचा निवाडा होत नाही. चरकसंहितेत (सध्याचे रूप बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील) निद्रा हा शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी (आधारांपैकी) एक आहे. दिवसा झोपण्यास तीत ग्रीष्माखेरीज सर्वसाधारण मनाई आहे. जागरणाने थकलेल्यांना मात्र बाराही महिने मुभा आहे.

खानदेशात शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने रात्री आली की रावेर-यावलच्या केळीबागांत जागरण ठरलेले. ऑटो स्विच वीज येताच मोटर चालू करतो, पण बागेच्या एकेका भागाला पाणी सोडणारे ठिबकचे वाल्व्ह बदलत नाही. आधी पुढचा वाल्व्ह उघडून मगच चालू असलेला बंद करावा लागतो. उलट केल्यास दाब वाढून पाइपाचा जोड निसटतो. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात असते आणि नेमकी तीच वाल्व्ह बदलण्याच्या फेऱ्यांत जाते. पहाटेची डुलकी ती भरून काढत नाही.

दुसरे कारण उन्हाळा. झोप लागताना शरीराचे आतले तापमान उतरावे लागते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो. मातीच्या जाड थराच्या धाब्याच्या घरात ती आत उशिरा पोहोचते. कूलर बंद खोलीत लावल्यास दमटपणा वाढून घाम वाळत नाही. तो खिडकीत बसवून समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी.

भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांची रातपाळी, संध्याकाळचा चहा आणि तंबाखू ही इतर कारणे. जोरात घोरून मध्येच श्वास अडकत असेल, तर तास पुरेसे भरूनही झोप अपुरीच राहते. अशा वेळी तपासणी हवी.

दोन आठवडे रोज सहाच तास झोपलेल्यांची एकाग्रता एक पूर्ण रात्र जागलेल्यांइतकी घसरल्याचे २००३ च्या एका प्रयोगात दिसले. त्यांना स्वतःला ही घसरण फारशी जाणवली नव्हती.